राजेसाब मास्तरांच्या गळ्यातलं बटण

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही डायहाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कुजबुजून काम होत नाही. बॉयलर फुसफुसत असतो, कापड एका रुळावरून दुसऱ्या रुळावर पळत असतं आणि वाफेत समोरचा माणूस नुसत्या सावलीसारखा दिसतो. अशा जागी राजेसाब रंगरेज यांनी चौतीस वर्षं रंगमास्तर म्हणून काढली. त्यांनी हौदाच्या काठावर उभं राहून "वाफ तोडाऽऽ" म्हटलं, की पलीकडच्या शेडमधला धोबीसुद्धा हातातलं काम थांबवायचा. काय तो आवाज! खर्जात सुरू व्हायचा आणि पत्र्यापर्यंत चढत जायचा. नाटक कंपनीत असते तर खलनायकाच्या भूमिका दुसऱ्या कुणाला मिळाल्याच नसत्या. पण ते टॉवेल रंगवत राहिले आणि आवाज वाफेत खर्च करत राहिले. सोबत तंबाखूही मळत राहिले.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र पुरतं काढून टाकलं. गळ्याच्या खड्ड्यात एक भोक राहिलं, श्वास त्यातून. आत श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत सिलिकॉनची एक छोटीशी झडप बसवली. घरात आणि दवाखान्यात सगळे तिला 'बटण' म्हणायचे. राजेसाबांना बोलायचं असलं की ते अंगठ्यानं गळ्याचं भोक झाकायचे. मग छातीतली हवा बटणातून वर यायची आणि तिचा आवाज व्हायचा. जुना आवाज नव्हे. खरखरीत, दमलेला, वखारीतल्या जुन्या दारासारखा. पण त्यात राग कळायचा, लाड कळायचे, थट्टा कळायची. माणसाला आणखी काय हवं असतं?

हे सगळं सर्वांत जास्त कळायचं ते रुक्सानाला. रुक्साना म्हणजे त्यांची बायको. साखरेच्या आजारानं तीन वर्षांपूर्वी तिची नजर गेली होती. नई जिंदगी भागातल्या त्या दोन खोल्यांत ती नवऱ्याच्या आवाजाच्या आधारानं चालायची. "दोन पावलं, मग उंबरा." "तवा तापलाय, डावीकडून ये." आणि कुठं लग्नाकार्याला निघाली, की ओढणी हातात धरून विचारायची, "हे कौनसा रंग?" राजेसाबांनी नुसतं "लाल" म्हटलेलं तिला चालायचं नाही. रंगमास्तराच्या बायकोला लाल काय सांगता? मग ते अंगठा गळ्याला लावून नीट सांगायचे, "डाळिंब फोडल्यावर दाणा दिसतो ना, कडेचा नव्हे, मधला. तो."

घोर होता तो बटणाचा. त्यावर बुरशी धरायची. तोंडातली, पोटातली, जी बुरशी सगळ्यांच्याच अंगात असते, तीच. पण बटणावर बसली की ती नुसती बसत नसे. थरावर थर चढवून, वर चिकट पांघरूण ओढून वसाहतच करायची. मग झडप नीट मिटत नसे. राजेसाबांनी चहाचा घोट घेतला की त्यातले चार थेंब बटणातून थेट श्वासात उतरायचे आणि खोकून खोकून जीव घाबरा व्हायचा. आधी बटण चार महिने टिकायचं, मग तीन. आता सहा आठवड्यांत बदलायची पाळी यायची. बुरशीवरची औषधं दिली, थेंब दिले, गोळ्या दिल्या. पहिल्यांदा गुण आला, पुढं येईनासा झाला.

"औषध त्या पांघरुणाखाली पोचतच नाही," डॉक्टर धम्मप्रिया म्हणाल्या. कान-नाक-घशाच्या या डॉक्टरबाई वयानं लहान, बोलायला गोड, पण खोटा धीर न देणाऱ्या. "आणि जेवढं पोचतं, तेवढ्याला ही बुरशी आता जुमानत नाही. सरावलीय ती. आणि चाचा, दरवेळी बटण काढून घालताना आतलं भोक सैल होतंय. असंच चाललं तर मला ते शिवून बंद करावं लागेल."

"मग बोलायचं कसं?"

"हनुवटीखाली धरायचं यंत्र असतं. बॅटरीवर चालतं."

ते यंत्र राजेसाबांना माहीत होतं. मागं एकदा बटण नव्हतं तेव्हा दवाखान्यानं आठवडाभर वापरायला दिलं होतं. घरी येऊन त्यांनी ते हनुवटीखाली धरलं आणि म्हणाले, "मी आलो." भुंग्यानं माणसाची भाषा शिकावी तसा एकसुरी आवाज निघाला. रुक्सानानं हातातलं लाटणं उगारलं. "कौन हाय रे? घर में मर्द नहीं समझा क्या?" ते पुन्हा म्हणाले, "मी, मी." ती भिंतीला टेकली. मग समजल्यावर हसली आणि हसता हसता रडायला लागली. तो आठवडाभर ती त्यांना हाताला धरून, शर्टाची गुंडी चाचपून ओळखत होती. रागावले की खूश आहेत, तिला काही कळेना.

म्हणून डॉक्टरबाईंनी जेव्हा पुण्याच्या संशोधनाची गोष्ट काढली, तेव्हा राजेसाब खुर्चीच्या टोकावर आले.

"पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लोकांनी नवा लेप केलाय," त्या म्हणाल्या. "औषध नव्हे. प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ, लांबच लांब साखळी असलेला, मुद्दाम तयार केलेला. तो बटणावर पक्का चिकटवतात. त्या साखळीवर धन भार असतो, आणि बुरशीच्या अंगावर ऋण भार. बुरशी बसायला आली की साखळी तिला धरते आणि तिची कातडीच फाडते. औषध आत जाऊन एखादं काम अडवतं, बुरशी ते काम दुसऱ्या वाटेनं करायला शिकते. पण कातडी फाटल्यावर शिकणार काय? निदान तसा अंदाज आहे. तोच तपासायचाय."

राजेसाबांचे डोळे चमकले. अंगठा झटकन गळ्याला गेला. "बाई, हे तर आमचं फिक्सर!"

"काय?"

"डायहाउसमध्ये कापड रंगलं की शेवटच्या पाण्यात फिक्सर घालतो. रंग ऋण भाराचा, फिक्सर धन भाराचा. रंगाला असं धरतं की धुतलं तरी सुटत नाही. केमिस्टसाहेब शिकवायचे आम्हाला."

"अगदी तेच नाही," डॉक्टरबाई हसल्या, "पण लांबचं नातं म्हणायला हरकत नाही."

राजेसाबांना वाटलं, झालं, आपल्याला सगळं समजलं. गोंधळ सुरू झाला तो पुढच्या वाक्यापासून.

"मात्र अर्ध्या लोकांना लेपाचं बटण मिळेल आणि अर्ध्यांना साधं. पुण्याहून नंबरची पाकिटं येतात. दोन्ही बटणं दिसायला सारखीच. तुम्हाला कुठलं, ते मलासुद्धा कळणार नाही. अभ्यास संपला की कळेल, पुढच्या वर्षी."

सगळ्या हयातीत राजेसाबांनी चिठ्ठी नसलेला लॉट हौदाजवळ येऊ दिला नव्हता. कुठलं कापड, कुठला रंग, कुठल्या तारखेचा, हे गाठीला बांधलेलं नसलं तर लाथ मारून बाहेर. आणि इथं, त्यांच्याच गळ्यात, घालणाऱ्याला माहीत नाही आणि घालून घेणाऱ्यालाही माहीत नाही?

"बाई, निदान तुम्ही तरी बघून ठेवा की."

"मला कळलं तर मी तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघेन. म्हणून नाही."

हे त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. पण सही केली.

त्याच दिवशी त्याच बाकावर ईश्वरप्पा बसले होते. एसटीचे निवृत्त कंडक्टर, अक्कलकोटचे. ऑपरेशन तेच, बटण तेच, अंगठाही तसाच गळ्याला. मराठी बोलता बोलता मधेच कानडीत घसरायची सवय. दोघांची वर्षभराची बाकावरची ओळख होती, आणि दोघंही आतून नवं बटण बसवून आले होते.

"एनु मास्तर," ईश्वरप्पा म्हणाले, "तुमाला चांगलं दिलं का हलकं?"

"कुणाला ठाऊक."

"आयुष्यभर तिकिटं फाडली, पण कुटं उतरायचं हे न सांगता कुणाला गाडीत घेतलं न्हाई बघा मी. हितं मलाच तसं बसवलंय."

कँटीनचा चहा आला. आता यांची पंचाईत अशी, की एका हातात कप धरला तर अंगठ्यासाठी एकच हात उरतो, आणि घोट घेताना बोलता येत नाही. त्यामुळे हे दोघं आलटून पालटून बोलायचे. एकानं घोट घेतला की दुसरा टोमणा मारून घ्यायचा, कारण पहिल्याला लगेच उत्तर देता येत नसे. ही संधी ईश्वरप्पांनी कधी दवडली नाही.

पहिल्या तपासणीला, पंधरा दिवसांनी, डॉक्टरबाईंनी राजेसाबांना निळं पाणी प्यायला दिलं. नेहमीचीच रीत. निळं पाणी पाजायचं, गळ्याच्या भोकातून टॉर्च टाकून बघायचं, बटणातून निळा थेंब गळतोय का. गळला नाही. "कोरडं आहे. छान," त्या म्हणाल्या.

राजेसाब मात्र तिथून निघाले ते डोक्यात निळा रंग घेऊनच. डायहाउसमध्ये कापडाला फिक्सर लागलंय की नाही असा वाद झाला, की मास्तर काय करायचे? कापडाच्या कोपऱ्यावर रंगाच्या पाण्याचा एक थेंब टाकायचे आणि नळाखाली धरायचे. फिक्सर असलं तर डाग बसतो, नसलं तर धुऊन जातो. अर्ध्या मिनिटाचं काम. त्याला ना पुणं लागतं, ना पुढचं वर्ष.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बर्फगोळेवाल्याकडून खायचा निळा रंग घेऊन आले. कारखान्यातला रंग गळ्यात घालण्याइतके ते वेडे नव्हते. आरसा खिडकीत टेकवला, रंगाचं पाणी पातळ केलं. बटण रोज घासायला दवाखान्यानं दिलेला बारीक ब्रश रंगात बुडवून भोकातून आत नेला आणि बटणाला हळूच टेकवला. मग स्वच्छ पाण्यात बुडवलेल्या ब्रशानं दोनदा, तीनदा, चारदा पुसलं. टॉर्च धरली.

बटणाच्या कडेला निळं वर्तुळ होतं. पक्कं. जात नव्हतं.

"रुक्साना!" ते इतक्या जोरात बोलले, की शेजारच्या खिडकीतलं कबूतर उडालं. "मिल्या! मेरेकोच मिल्या!"

"क्या मिल्या?"

"अच्छावाला बटण!"

रुक्सानानं दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले आणि शिऱ्याला रवा भाजायला घेतला. स्वतःला गोड चालत नसलं तरी.

ईश्वरप्पा दर गुरुवारी सोलापुरात यायचे. पुढच्या गुरुवारी राजेसाबांनी त्यांना घरी बोलावलं, खिडकीशी बसवलं आणि तीच परीक्षा केली. ब्रश, रंग, पाणी. एकदा पुसलं आणि निळं सगळं निघून गेलं. बटण पांढरं स्वच्छ.

ईश्वरप्पा आरशात बघत राहिले.

"म्हंजे माझं साधंच म्हणा की."

"तसं दिसतंय."

"अय्यो. निम्मं तिकीट." ते हसले, पण हसणं अर्ध्यावरच राहिलं. "जाऊ द्या. कुणाला तरी साधं मिळणारच हुतं."

राजेसाबांना वाईट वाटलं. मित्राला जरा दुसऱ्या विषयाकडे न्यावं म्हणून ते शास्त्र समजावून सांगायला लागले. गळ्याला अंगठा, दुसरा हात हवेत, अगदी हौदाच्या काठावर उभं राहिल्यासारखे. "बघा कंडक्टर, फिक्सरचं असं असतं. त्याला समजा शंभर हात आहेत. रंग आला की त्या शंभर हातांनी रंगाला धरतं. आणि एकदा धरलं की धरलं. मग दुसरं काही आलं, तर त्याला धरायला एकही हात रिकामा..."

वाक्य तिथंच थांबलं. अंगठा गळ्याला तसाच होता, पण हवा पुढं सरकेना.

"मास्तर? ओ मास्तर? अडकलं का बटण?"

राजेसाबांनी मान हलवली. बटण अडकलं नव्हतं. जे हात बुरशीला धरायचे होते, ते त्यांनी आपल्या हातानं बर्फगोळ्याच्या रंगानं भरून टाकले होते.

पुढचे दिवस फार वाईट गेले. ते सकाळी वेगळं समजायचे, दुपारी वेगळं. सगळे हात थोडेच भरले असतील? रंग पातळ होता. पण मग वर्तुळ इतकं गडद का? साबणानं धुवावं का? पण डायहाउसमध्ये फिक्सरच्या पाण्यात साबण पडला की पाणी फाटतं, दह्यासारखं होतं. म्हणजे उरलेले हातही जायचे. डॉक्टरबाईंना सांगावं? त्या अभ्यासातून काढून टाकतील, बटणही काढून घेतील. न सांगावं? सांगितलं नाही तर तिकडं पुण्याच्या वहीत कसला हिशेब लिहिला जाईल? आपल्या गळ्यातला लेप काम करेनासा झाला, तर ते म्हणतील लेपच वाईट. आणि मग तो लेप कुणालाच मिळणार नाही.

रुक्सानाला ते काही बोलले नाहीत. पण ती नवऱ्याच्या आवाजावर घर चालवणारी बाई. चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "क्या तो बी दबाको रखे तुमे."

"कुछ नहीं."

"'कुछ नहीं' में बी आवाज बारीक हुई तुमारी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शंभर हात, रंग, साबण, पुणं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी शेंग मोडून म्हणाली, "डॉक्टरनी को बोलो."

"निकाल देंगे."

"निकालने दो. पण चोरी करके मेरे से बोलनेवाला आवाज मेरेकू नक्को."

पाचव्या आठवड्यात तपासणी होती. बाकावर ईश्वरप्पा रुमालात खोकत बसले होते. त्यांचं बटण गळायला लागलं होतं. सकाळची अंबिल अर्धी श्वासात गेली होती.

"बघा, साधंच हुतं की न्हाई," ते धापा टाकत म्हणाले. "तुमची परीक्षा खरी निघाली."

राजेसाबांना आत बोलावलं. डॉक्टरबाईंनी टॉर्च टाकली, वाकून पाहिलं. "कोरडं आहे. कडेला थोडं निळं राहिलंय," त्या नर्सला म्हणाल्या. "मागच्या वेळी आपणच पाजलेल्या पाण्याचं असेल. लिहू नका."

झालं होतं. वाट मोकळी होती. उठून बाहेर जायचं, एवढंच. राजेसाब उठलेही. दारापर्यंत गेले आणि रंगमंचावरून आत जायच्या ऐवजी पुन्हा प्रकाशात येणाऱ्या नटासारखे वळले.

"बाई, ते पाणी तुमचं नाही. माझं आहे."

त्यांनी सांगितलं. डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. आधी त्यांचा चेहरा रागावला, मग राग कुठं ठेवावा ते त्यांना कळेनासं झालं.

"गळ्यात? ब्रशानं? रंग श्वासात गेला असता म्हणजे?"

"थेंबच होता."

"आणि त्यावरून तुम्ही ठरवलंत, की तुम्हाला लेपाचं मिळालं?"

"निळं राहिलं की. धुऊन गेलं नाही."

"चाचा, बुरशीचा थरसुद्धा रंग धरतो. पंधरा दिवसांत कडेला थोडी बुरशी आली असेल, तर तीही अशीच निळी दिसेल."

राजेसाब खाली बसले. "म्हणजे निळं म्हणजे लेप?"

"असू शकेल."

"किंवा बुरशी?"

"तेही असू शकेल."

"आणि ईश्वरप्पाचं पांढरं?" हे तोंडातून गेलं आणि त्यांनी अंगठा झटकन काढला. पण शब्द गेला तो गेला.

डॉक्टरबाईंनी दाराकडे पाहिलं. ईश्वरप्पा उंबऱ्यातच उभे होते, सगळं ऐकत. आता लपण्यात अर्थ नव्हता. "व्हय बाई, मी बी केलं," ते म्हणाले. "माझं पांढरं निघालं. म्हणून मग घासणंच सोडलं बघा."

"काय सोडलं?"

"ब्रश करायचं. साधंच हाय, दोन दिवसांनी जाणारच, म्हटलं कशाला घासायचं."

मग डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या, "ईश्वरप्पा, तुमचं बटण साधं होतं म्हणून गळलं, की घासलं नाही म्हणून गळलं? सांगा बरं."

ईश्वरप्पांनी राजेसाबांकडे पाहिलं. राजेसाबांनी छताकडे पाहिलं.

"कदाचित तुमच्यावरच लेप असेल आणि त्यानं खायचा रंग धरलाच नसेल. मास्तरांचा नियम त्यांच्या फिक्सरला लागू. हा पदार्थ वेगळा. आणि तुमचं अजून कोरडं आहे मास्तर, ते लेपामुळं, की चांगलं मिळालं या खुशीत तुम्ही दिवसातून चारदा घासताय म्हणून?"

"पाचदा," राजेसाब हळूच म्हणाले.

"म्हणूनच आम्ही डोळे बांधून घेतो हो. तुमचेही आणि माझेही. कळलं, की माणूस वेगळं वागायला लागतो."

आता कुठं राजेसाबांना पहिल्या दिवशीचं ते वाक्य उमगलं. आणि ते उमगताच बाकीचं सगळं पार गढूळ झालं. रंगाच्या हौदाचा तळ दिसावा म्हणून काठी घालावी आणि उलट सगळा गाळ वर यावा, तसं.

आठवड्यानं पुण्याचं उत्तर आलं. दोघांनाही अभ्यासातून वगळलं होतं. ईश्वरप्पांना दवाखान्याचं नेहमीचं बटण बसवलं. राजेसाबांसमोर मात्र डॉक्टरबाईंनी एक छोटी काचेची बरणी ठेवली.

"त्यांना तुमचं बटण हवंय. लेपावर रंग बसला तर त्याचं काम थांबतं का, हे त्यांना बघायचंय. लोक हळद खातात, सरबतं पितात, रंग तर रोजच गळ्यातून जातात. हा प्रश्न त्यांनी घेतलाच नव्हता. आत्ता काढून दिलंत तर सगळ्यांत बरं, म्हणतात. मी तुम्हाला साधं बसवेन."

"ते किती टिकेल?"

"मागची सहा आठवडे टिकली. आणि खरं सांगते, तुमचं आतलं भोक आता आणखी दोन-तीन बदलांपेक्षा जास्त झेपणार नाही."

"दिलं तर ते सांगतील? लेपाचं होतं की साधं?"

"अभ्यास संपल्यावर. पुढच्या वर्षी."

राजेसाबांनी बरणी खिशात घातली आणि "विचारून सांगतो" म्हणाले. चौतीस वर्षं कुणालाही न विचारता लॉट पास-नापास करणारा हा माणूस. घरी येऊन त्यांनी रुक्सानाच्या हातात बरणी दिली आणि दोन्ही बाजू मांडल्या. आज दिलं, तर पुण्याच्या लोकांना काहीतरी कळेल, कुणाकुणाच्या गळ्याला त्याचा उपयोग होईल. पण इथला आवाज कदाचित लवकर संपेल. नाही दिलं, तर हे बटण कदाचित महिनोन् महिने चालेल. कदाचित उद्याच गळेल.

रुक्सानानं बरणीचं झाकण उघडलं, आत बोट घातलं, पुन्हा लावलं. "बोलते तुमे, सुनती मैं," ती म्हणाली. "आधा बटण मेरा है."

"हौ."

"तो मेरा आधा अब्बी नहीं देती. चलतंय तवर चलने दो. जिस दिन एक थेंब गळेगा, उसी दिन बरणी में. घंटाभर बी रखने का नहीं."

राजेसाबांनी फोनवर डॉक्टरबाईंना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, "चालेल. बटण तुमच्या गळ्यात आहे, ठरवणार तुम्हीच. पुण्याला मी सांगते. फक्त घासणं दिवसातून दोनदा. पाच नाही."

आठवा आठवडा गेला, नववा गेला. ईश्वरप्पांचा अक्कलकोटहून फोन आला. "मास्तर, माझं तर नक्की साधंच हाय, बाईंनी माझ्यादेखत पाकीट फोडलं. रोज दोनदा घासतोय. थेंब न्हाई गळत! मग लेप कशाला पायजे हो?"

"मला काय विचारता? मला आता काहीच कळत नाही."

"मला बी न्हाई. पण लई बरं वाटतंय."

अकराव्या आठवड्यातल्या एका सकाळी राजेसाब खिडकीशी पाण्याचा पेला घेऊन बसले. फळीवर ती बरणी होती, रिकामी. तिच्याकडे बघून त्यांना कधी वाटायचं, हे बटण असंच वर्षभर चालावं. आणि कधी वाटायचं, गळून टाक बाबा एकदाचं, तिकडं लोक वाट बघतायत. दोन्ही मनापासून वाटायचं. त्यांनी घोट घेतला. स्वयंपाकघरात रुक्सानाचा चमचा पातेल्यात थांबला. तिचे कान इकडंच होते.

खोकला आला नाही.

"जी?" तिनं आतून विचारलं.

त्यांनी पेला खाली ठेवला, अंगठा गळ्याला लावला. "अब्बी नहीं," ते म्हणाले. ते खुशीनं म्हणाले की खंतावून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. रुक्सानाला कळलं असावं. चमचा पुन्हा फिरायला लागला.